एचआयव्ही हा शब्द नसलेले मेसेज कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: १५ ते २४ वयाच्या मुली-तरुणींसाठी चालणाऱ्या एका आरोग्य प्रकल्पाचं फेसबुक पान, इन्स्टाग्राम खातं आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहे. वर्षभरात तिथे सुमारे दोन हजार संभाषणं जमली. या तरुणींना एचआयव्हीपासून बचावासाठी नेमकं काय हवं आहे, हे त्यांवरून काढता येईल का? ‘एचआयव्ही’, ‘एड्स’, ‘कंडोम’ हे शब्द शोधले तर हाती फार थोडे मेसेज लागले. मग मुलींना या विषयात रस नाही असं समजायचं का?

तसं समजू नका. चूक शोधण्याच्या पद्धतीत आहे. तरुणी एचआयव्हीच्या धोक्याबद्दल विचारतात तेव्हा बहुतेक वेळा एचआयव्हीचं नाव घेत नाहीत. पाळी चुकल्याबद्दल, आपत्कालीन गोळीबद्दल, खाजेबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल, किंवा ‘तो ऐकतच नाही’ याबद्दल विचारतात. हा मेसेज पाहा (उदाहरण बनवलेलं आहे): ‘परवा गोळी घेतली लगेच. आता काही होणार नाही ना?’ यात एचआयव्ही कुठेच नाही. पण संबंध आला, तो निरोधाशिवाय आला किंवा निरोध फाटला, त्याला साधारण दोन दिवस झाले, आणि एका गोळीने सगळ्याच गोष्टींपासून सुटका झाली असा तिचा समज असू शकतो, एवढं सगळं त्यात आहे. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी एचआयव्हीपासून अजिबात वाचवत नाही. संसर्ग टाळण्यासाठी संबंधानंतर घ्यायची औषधं, म्हणजे पेप, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. हा मेसेज शब्दशोधातून निसटतो आणि ‘गर्भनिरोधन’ या रकान्यात जाऊन पडतो. तुमच्या दोन हजार संभाषणांतली खरी गरज त्या रकान्यात आहे.

वाचायच्या आधी उत्तराची सोय

मूल्यमापनाचा आराखडा करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. जी मुलगी लिहिते ती उत्तराची वाट पाहत असते. तिचा मेसेज ‘माहिती’ म्हणून नोंदवायचा आणि तिला मात्र उत्तर द्यायचं नाही, असं होता कामा नये. रोज येणाऱ्या प्रत्येक नव्या संभाषणाला आधी तीन प्रश्न लावा: गेल्या तीन दिवसांत काही घडलंय का? जबरदस्ती किंवा मारहाण आहे का? जिवाला धोका आहे का, स्वतःला इजा करण्याची भाषा आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ किंवा ‘कदाचित’ असेल तर तासाभरात प्रशिक्षित समुपदेशकाने ते संभाषण हातात घ्यावं. रात्री माणूस नसेल तर आपोआप जाणाऱ्या उत्तरात तसं स्पष्ट सांगा आणि जवळच्या आपत्कालीन विभागात जायला सांगा. ‘लवकरच संपर्क करू’ एवढंच लिहिलं तर ती तुमची वाट पाहत बसेल आणि तिचे ७२ तासांतले बारा तास जातील.

इथे एक पेच येतो. फोन तिचा एकटीचा असेलच असं नाही. आई, भाऊ, नवरा कुणीही तो उचलतो, आणि मेसेज न उघडताही पहिली ओळ पडद्यावर दिसते. म्हणून पहिल्या उत्तरात आजाराचं, औषधाचं, शरीराच्या भागाचं नाव नको. असं काही चालेल: ‘मेसेज मिळाला. आत्ता मोकळेपणाने लिहिता येईल का? गेल्या तीन दिवसांत काही घडलं असेल तर फक्त १ लिहा.’ तिने १ लिहिल्यावरच पुढचा तपशील द्यायचा. खात्याचं नाव आणि चित्रही असंच साधं हवं. नावातच एचआयव्ही असलेलं खातं मित्रयादीत दिसलं, एवढ्यावरून घरात चौकशी सुरू होते.

जुने मेसेज वाचताना कधीतरी कळेल की आठ महिन्यांपूर्वी कुणी मदत मागितली होती आणि उत्तर गेलंच नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते वाचन सुरू होण्याआधी लिहून ठेवा. दरम्यान नंबर दुसऱ्या कुणाकडे गेलेला असू शकतो, म्हणून मूळ विषयाचा उल्लेख न करता फक्त ‘तुमचा जुना मेसेज पाहिला, बोलायला आम्ही आहोत’ एवढंच पाठवणं योग्य.

कोणते मेसेज घ्यावेत, कुणाच्या परवानगीने

तुमच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये आलेले मेसेज, तुमच्या पानावरच्या टिप्पण्या आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, एवढंच घ्या. बंद गटांत खोट्या नावाने शिरून मजकूर गोळा करणं ही फसवणूक आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या पोस्टचंही तसं सोपं नाही. लिहिणारीला वाटत असतं की ती चारचौघींशी बोलते आहे. तिचं वाक्य अहवालात जसंच्या तसं छापलं तर कुणीही ते शोधपेटीत टाकून तिच्या खात्यापर्यंत पोचू शकतो. म्हणून उद्धृत करायचं तर शब्द बदलून, दोन-तीन मेसेजचा आशय एकत्र करून. शिवाय बाहेरच्या पोस्ट मोठ्या प्रमाणावर गोळा करणं आता अवघडही झालं आहे. ट्विटरने फुकट डेटा देणं २०२३मध्ये थांबवलं, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्ट पाहण्याचं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४मध्ये बंद झालं. गरजा समजून घ्यायला स्वतःचा इनबॉक्स मुळातच जास्त उपयोगी आहे.

जुन्या मेसेजच्या संमतीचा मुद्दा टाळू नका. त्या मुलींनी मदतीसाठी लिहिलं, अभ्यासासाठी नाही. नैतिकता समितीकडे जा. सेवा सुधारण्यासाठी फक्त एकत्रित आकडे आणि आशय वापरणार, एकही वाक्य जसंच्या तसं घेणार नाही, असा प्रस्ताव ठेवा. पानावर तीन-चार आठवडे सूचना लावा आणि ‘माझं संभाषण वगळा’ असं कळवायची सोय द्या. नव्या संभाषणांत दोन ओळींची सूचना सुरुवातीलाच असावी. १८ वर्षांखालील मुलींबाबत कायदे देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं समुपदेशकाला बंधनकारक असतं. तसं असेल तर ते तिने सांगून टाकण्याआधी तिला कळायला हवं. सगळं सांगून झाल्यावर ‘आता आम्हाला कळवावंच लागेल’ असं ऐकणं तिला विश्वासघातासारखं वाटतं, आणि ती पुन्हा कुणालाच काही सांगत नाही.

ओळख पुसण्याचं काम वाचन सुरू होण्याआधी, आणि वाचणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळ्या व्यक्तीने करावं. नंबर आणि नाव काढून त्याजागी यादृच्छिक क्रमांक द्या. नाव-क्रमांकाची जोडयादी वेगळ्या, कुलूपबंद ठिकाणी ठेवा. गावाचं, कॉलेजचं, दवाखान्याचं नाव काढा. तारखेऐवजी आठवडा ठेवा. दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, ध्वनिसंदेश. आवाज ही ओळखच असते, तेव्हा मजकूर उतरवून घ्या आणि ध्वनिफीत पुसा. दुसरी, फोटो. औषधाची चिठ्ठी, चाचणीची पट्टी, पाकीट यांवर नाव, हात, घराचा कोपरा दिसतो. फोटोत काय होतं ते एका ओळीत लिहा आणि फोटो अभ्यासाच्या संचात घेऊ नका. समुपदेशकांनी आपसात स्क्रीनशॉट पाठवण्यावर पूर्ण बंदी हवी. व्हॉट्सअ‍ॅपचं कूटबद्धीकरण मेसेज वाटेत असताना सांभाळतं. तुमच्या फोनवर आणि बॅकअपमध्ये पडलेली प्रत सांभाळणं तुमचंच काम आहे. वेबपानावर जाहिरात कंपन्यांचे मागोवा घेणारे कोडही ठेवू नका. ग्राइंडर या अ‍ॅपने वापरकर्त्यांची एचआयव्ही-स्थिती दोन बाहेरच्या कंपन्यांकडे पाठवल्याचं २०१८मध्ये उघड झालं होतं. तुमच्या पानावर जाऊन आलेल्या मुलीच्या फोनवर दुसऱ्या दिवशी चाचणीची जाहिरात झळकली, तर तीही गुप्ततेची मोडतोडच.

प्रत्यक्ष वाचन

मोजायचं एकक मेसेज ठेवू नका, संभाषण ठेवा. एक मुलगी एक प्रश्न अकरा तुकड्यांत लिहिते, दुसरी एका परिच्छेदात. मेसेज मोजले तर पहिलीची गरज अकरापट दिसते. त्याच नंबरवरून सात दिवस शांतता गेली की पुढचं ते नवं संभाषण, असा काहीतरी नियम ठरवा आणि तो शेवटपर्यंत बदलू नका.

दोन हजारांपैकी सगळी एकदम वाचायला घेऊ नका. आधी सव्वाशे ते दीडशे संभाषणं दोघींनी, शक्य तर त्याच वयाच्या आसपासच्या आणि ती बोली कळणाऱ्या दोघींनी, एकमेकींशी न बोलता वाचावीत. निवड करताना महिने, दिवसाची वेळ, माध्यम हे सगळं यावं, आणि अर्धवट तुटलेली संभाषणं मुद्दाम घ्यावीत. त्यातून संकेतांची, म्हणजे प्रत्येक संभाषणाला लावायच्या छोट्या शीर्षकांची, वही तयार होते. प्रत्येक संकेतापुढे चार गोष्टी लिहा: अर्थ, केव्हा लावायचा, केव्हा लावायचा नाही, आणि एक बनवलेलं उदाहरण. ‘केव्हा लावायचा नाही’ हा रकाना लोक रिकामा सोडतात आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात. शेवटच्या वीस-पंचवीस संभाषणांत नवा संकेत निघाला नाही की वही तात्पुरती बंद करा आणि तीनशे ते चारशे संभाषणं तिच्यानुसार वाचा. दोघींचं जुळणं कोहेनच्या कप्पाने मोजा; योगायोगाने होणारं जुळणं वजा करून एकमत सांगणारा हा आकडा आहे, १ म्हणजे पूर्ण एकमत. ०.७च्या वर असेल तर पुढे जा, खाली असेल तर व्याख्या दुरुस्त करा. हिंसा आणि ७२ तास या दोन संकेतांवर मात्र सरासरीत समाधान मानू नका, तिथल्या प्रत्येक मतभेदावर बोला.

प्रत्येक संभाषणाला दोन थर हवेत: तिने काय विचारलं, आणि तिच्या परिस्थितीत धोका कुठून आहे. पहिल्या थरावर ‘पाळी उशिरा’ असेल आणि दुसऱ्यावर ‘निरोधाशिवाय संबंध, दहा दिवसांपूर्वी, जोडीदाराची स्थिती माहीत नाही’. दुसऱ्या थरासाठी मजकुरात आधार हवा. आधार नसेल तर ‘कळत नाही’ असा संकेत लावा आणि तो लावायला लाजू नका. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा घातक असतो.

हाताने वाचल्याशिवाय न सापडणाऱ्या काही गरजा सांगतो. ‘काल झालं, आज टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणजे सुटले ना?’ इथे चाचणीची ओढ आहे, पण चाचणीला काही दिसायला लागणारा काळ माहीत नाही. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या) चाचणीवर साधारण ४५ दिवसांनी विसंबता येतं. घरी करायच्या झटपट चाचणीसाठी तीन महिने धरावेत. म्हणजे गरज ‘चाचणी उपलब्ध नाही’ ही नसून ‘पुन्हा केव्हा करायची ते सांगणारं कुणी नाही’ ही आहे. ‘तो रोज एक गोळी घेतो, कशाची ते सांगत नाही’ यामागे जोडीदार एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या नेहमीच्या औषधोपचारावर, असण्याची शक्यता असते. औषधांमुळे त्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. त्या मुलीला घाबरवायचं नसतं. दोघांची चाचणी आणि त्याच्या औषधोपचाराची खात्री होईपर्यंत तिला प्रेप, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी संबंधाच्या आधीपासून घ्यायची औषधं, देणं, ही तिची गरज. आणि ‘पाकीट कुठे ठेवू?’ हा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. प्रेपच्या गोळ्या तिला हव्या आहेत, कळल्या आहेत, कदाचित मिळाल्याही आहेत. डबी हलवली की वाजते आणि एआरटीच्या डबीसारखीच दिसते, तिथे गाडी अडली आहे.

अडथळे लिहिताना एक उतरंड उपयोगी पडते: इच्छा, पोच, नीट वापर. पर्याय माहीत नाही किंवा आपल्याला धोका आहे असं वाटत नाही, ही इच्छेच्या पायरीवरची अडचण. दवाखाना दूर आहे, वेळ जुळत नाही, कर्मचारी लग्न झालंय का विचारतात, ही पोचेची. आणून दोन आठवड्यांत सोडलं, त्याला सापडलं, मळमळलं, ही वापराची. प्रत्येक संभाषण कुठल्या पायरीवर अडलं हे नोंदवा. सगळी अडचण तिसऱ्या पायरीवर असताना जनजागृतीचे व्हिडिओ बनवत बसणं, हा या क्षेत्रातला सर्वांत महाग गैरसमज आहे.

उतरंडीसमोर आजचे पर्यायही मांडा. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या गोळीची शिफारस २०१५मध्ये केली, महिनाभर योनीत ठेवायच्या डॅपिव्हिरिन रिंगची २०२१मध्ये, कॅबोटेग्रॅव्हिर इंजेक्शनची २०२२मध्ये (पहिली दोन महिन्याच्या अंतराने, मग दर दोन महिन्यांनी) आणि वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकॅपाव्हिरची २०२५मध्ये. तुमच्या भागात यातलं काय मिळतं ते आधी तपासा. ‘घरात सापडेल’ ही भीती शेकडो संभाषणांत असेल तर ते लपवता येणाऱ्या साधनाच्या मागणीचं लेखी रूप आहे, आणि खरेदी ठरवणाऱ्यांसमोर ते तसंच मांडायला हवं. निरोधाची जागा मात्र यातलं काहीही घेत नाही. बाकी गुप्तरोग आणि गर्भधारणा यांपासून ही औषधं संरक्षण देत नाहीत.

तुटलेली संभाषणं

माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवतात ती अर्ध्यावर थांबलेली संभाषणं, आणि बहुतेक विश्लेषणांत ती ‘अपूर्ण’ म्हणून टाकली जातात. ती टाकू नका. प्रत्येकासाठी लिहा: तिच्या शेवटच्या मेसेजच्या आधी आपण काय लिहिलं होतं? आपल्या उत्तराला किती वेळ लागला होता? साधारण चार ठिकाणी धागा तुटतो. वय विचारलं. नाव किंवा पत्ता विचारला. लांबलचक माहितीपत्रक एकदम चिकटवलं. ‘दवाखान्यात या’ म्हटलं पण केव्हा, कुणाला भेटायचं, काय म्हणायचं हे सांगितलं नाही. पन्नास तुटलेली संभाषणं अशी तपासली तरी पुढच्या आठवड्यापासून उत्तरं बदलता येतात, अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

शेवटचा मेसेज ‘ठीक आहे’ असेल तर त्याला समाधान समजू नका. भावना मोजणारी यंत्रं त्याला सकारात्मक गुण देतात. बोलणं संपवण्याचा तो सर्वांत सभ्य मार्ग आहे, एवढंच त्यातून कळतं.

‘माझ्या मैत्रिणीला झालंय’ या मेसेजसाठी वेगळा संकेत ठेवा. कधी मैत्रीण खरी असते, कधी ती स्वतः असते; ओळखायचा प्रयत्न करू नका. उत्तर असं द्या की दोघींनाही वापरता येईल.

यंत्राकडून किती काम घ्यायचं

मेसेज रोमन लिपीत, एकाच शब्दाची पाच-सहा स्पेलिंगं, मध्येच चित्रचिन्हं, आणि ‘ते’, ‘तसलं’, ‘काम’ असे आडवळणाचे शब्द. तयार शब्दयादी इथे तोकडी पडते. स्वतःची यादी करा, ती मुलींच्या गटाकडून तपासून घ्या, आणि मग तिची परीक्षा घ्या: हाताने वाचलेल्या चारशे संभाषणांत जिथे गरज सापडली, त्यांपैकी किती या यादीने पकडली असती? निम्म्याहून जास्त सुटत असतील तर त्या यादीवर एकही आकडा उभा करू नका.

तातडीची संभाषणं वेगळी काढायला यंत्र लावायचं असेल तर खोटे इशारे जास्त आले तरी चालतील, खरा इशारा सुटता कामा नये, अशी त्याची मांडणी हवी. पडताळणीसाठी यंत्राने ‘तातडीचं नाही’ म्हटलेली ३०० संभाषणं यादृच्छिक निवडून वाचा. त्यात एकही तातडीचं निघालं नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की सुटण्याचं प्रमाण जास्तीत जास्त सुमारे १ टक्का आहे. हजारो मेसेजमध्ये १ टक्का म्हणजे खऱ्या मुली आहेत, म्हणून माणसाची नजर काढून घेऊ नका. आणि ओळख न पुसलेला मजकूर सर्वांसाठी खुल्या असलेल्या एआय चॅटमध्ये कधीही चिकटवू नका.

मेसेजमधून प्रश्न विचारायचे असतील तर

इनबॉक्समध्ये जे दिसत नाही त्यासाठी छोटी प्रश्नावली पाठवता येते. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीतली १६० अक्षरं मावतात, देवनागरीत मात्र ७०च, आणि काना-मात्रा-वेलांट्याही त्यात मोजल्या जातात. सत्तरच्या पुढे गेलं की मेसेज तुटून दोन होतात, खर्च दुप्पट होतो आणि साध्या फोनवर तुकडे उलटसुलट पोचू शकतात. एका मेसेजमध्ये एक प्रश्न, एकूण पाच-सहा. उत्तर आकड्यात घ्या, म्हणजे फोनवर नुसता ‘२’ राहील. ‘सांगायचं नाही’ हा पर्याय प्रत्येक वेळी द्या. नाजूक प्रश्न तिसरा किंवा चौथा असावा. पहिला असला तर मुली निघून जातात, शेवटचा असला तर तोवर थकलेल्या असतात. ‘तुम्ही निरोध वापरता का?’ असं विचारलं की बरं दिसणारं उत्तर येतं. ‘शेवटच्या वेळी वापरला होता का?’ असं विचारा. कितव्या प्रश्नावर किती जणी थांबल्या हेही नोंदवा, तो त्या प्रश्नाबद्दलचा अभिप्राय असतो.

धोक्याचे गुण काढून ‘हिला प्रेप द्यायचं, हिला नाही’ असं ठरवण्यासाठी ही उत्तरं वापरू नका. वय, जोडीदाराची इतर नाती, दारू, गुप्तरोग यांवर बेतलेली गुणपत्रकं गटाचा अंदाज देतात. एकेका मुलीबाबत ती चुकतात, कारण जोडीदाराचं आयुष्य तिला पूर्ण माहीत नसतं. प्रेप मागणं हेच तिला त्याची गरज असल्याचं लक्षण मानावं.

काय म्हणता येणार नाही

‘४० टक्के मुलींना पेपबद्दल माहिती नाही’ असं वाक्य या सामग्रीवरून लिहिता येत नाही. लिहिता येतं ते असं: ‘ज्यांनी आमच्याकडे लिहिलं आणि ७२ तासांच्या आतली घटना सांगितली, त्यांच्यापैकी इतक्या जणींनी पेपबद्दल आपणहून विचारलं.’ ज्यांच्याकडे फोन नाही, डेटा नाही, लिहिता येत नाही किंवा फोनवर कुणाचा पहारा आहे, त्या यात नाहीत, आणि त्यांच्यात धोका जास्त असलेल्या मुली असू शकतात. जाहिरात चालवली त्या आठवड्यात मेसेज फुगतात. त्या तारखा आलेखावर खुणेने दाखवा. मुलींच्या नावाने पुरुषही लिहितात. एकच मुलगी दोन माध्यमांवरून येते.

‘पडद्यासमोर एकटी असताना मुली खरं सांगतात’ हा समजही तपासून घ्यावा. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेत ५,०२९ महिलांवर झालेल्या व्हॉइस या प्रेप औषधांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाखतीत औषधवापर सुमारे ९० टक्के सांगितला गेला, संगणकावर एकटीने उत्तर देतानाही जवळपास तेवढाच, आणि रक्ताच्या नमुन्यांत औषध सापडलं २५ ते ३० टक्क्यांत. त्या खोटारड्या होत्या असा याचा अर्थ नाही. न वापरल्याचं सांगणं त्यांना परवडणारं नव्हतं. तुमच्या चॅटमध्ये ‘हो, रोज घेते’ असं आलं तर ते याच प्रकाशात वाचा आणि ‘बऱ्याच जणींची मधली गोळी राहते, तुमची गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असं विचारा. न घेण्याला आधीच जागा दिली की उत्तर बदलतं.

म्हणून इनबॉक्सच्या शेजारी आणखी दोन गोष्टी ठेवा: दवाखान्याच्या नोंदवहीतली पेप-प्रेपची संख्या, आणि फोन नसलेल्या वीस-पंचवीस तरुणींशी समोरासमोर बोलणं. तिन्हींकडून एकच अडथळा पुढे आला तर तो मुख्य. फक्त इनबॉक्समध्ये दिसला तर तो फोन असलेल्यांचा, तसं लिहा.

निष्कर्षांचं काय करायचं

वाचन सुरू करण्याआधी तीन-चार निर्णय कागदावर लिहिलेले असावेत: केंद्राची वेळ बदलायची का, रात्री समुपदेशक बसवायचा का, कुठलं साधन मागवायचं, पहिलं उत्तर कसं लिहायचं. प्रत्येकासाठी कोणता पुरावा मिळाला की काय करणार तेही लिहा. उदाहरणार्थ, तातडीच्या मेसेजपैकी तिसरा हिस्सा रात्री नऊनंतर येत असेल तर दिवसाची एक पाळी रात्री हलवायची. आधी लिहिलेलं नसलं की अहवाल वाचून सगळे मान डोलावतात आणि केंद्र दुपारी चारलाच बंद होत राहतं.

कोष्टकात एखाद्या चौकोनात पाचपेक्षा कमी जणी असतील तर आकडा छापू नका. लहान गावात ‘१७ वर्षं, गरोदर, जोडीदार एआरटीवर’ एवढ्यावरून मुलगी ओळखता येते. अंतिम करण्याआधी १८ ते २४ वयाच्या सहा-आठ तरुणींच्या गटासमोर, मानधन देऊन, निष्कर्ष ठेवा. संकेतांचे अर्थ त्या दुरुस्त करतात. आपण ज्याला ‘जोडीदाराचा नकार’ म्हणतो, त्यात ‘मागितलं तर त्याला संशय येईल’ आणि ‘मागितलं तर मारेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींना उत्तरं वेगळी लागतात.

वाचणाऱ्यांचीही काळजी घ्या. जबरदस्तीचे मेसेज सलग वाचणं माणसाला आतून पोखरतं. दिवसाला दोन तासांच्या वर संकेतांचं काम नको, आणि आठवड्यातून एकदा अनुभवी समुपदेशकाशी बोलण्याची वेळ पगारी कामातच धरलेली असावी.

मूळ मेसेज पुसण्याची तारीख प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी ठरवा, शक्य तितकी जवळची, आणि त्या दिवशी जोडयादी, फोनवरच्या प्रती, बॅकअप आणि समुपदेशकांच्या लॅपटॉपमधल्या उतरवलेल्या फाइली, चारही ठिकाणी पुसल्याची सही घ्या.